मागं वळून बघू नको

भात कापणीला आलेलं, परतीचा पाऊस रोज दुपारी डोंगराआडून डोकावून जातोय, आणि अशा ऐन घाईत बहिरूनं वाघ बघायला जायचं ठरवलं. भागीबाईला हे कळलं तेव्हा ती खाचरात कमरेतून वाकलेली होती. तिनं विळा थांबवला नाही. हातातली मूठ कापून बाजूला ठेवली, दुसरी धरली आणि मग विचारलं, "कुठं म्हनला?"

"चंद्रपूरकडं. फॉरेस्टवाले नेत्यात. समितीच्या मानसांना. तिकडचं जंगल कसं राखलंय ते दाखवायला."

"आन हे भात कोन कापील? तुझा वाघ?"

लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली होती, आणि कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे एवढ्या वर्षांत बहिरूला चांगलं कळलं होतं. त्यानंही विळा घेतला आणि तिच्या शेजारच्या ओळीला लागला. खाचराच्या खालच्या अंगाला भात आडवं झालं होतं. चिखलात लोळलेल्या लोंब्या एकेक उचलून कापाव्या लागत होत्या, आणि पाठ नुसती भरून आली होती. दोघंच माणसं. पोरगा धनराज सातपूरला कंपनीत, तो दिवाळीलाच येणार. दिवाळी झाली की दोघांनी खाली दिंडोरीकडे द्राक्षबागांवर उतरायचं, ते पार उन्हाळ्यापर्यंत. त्याआधी भात खळ्यावर यायला हवं होतं.

पण बहिरूचंही खोटं नव्हतं. त्याची अडचण वेगळी होती आणि ती सगळ्या उंबरपाड्याची होती.

पेठच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत हा पाडा. पाड्याची शीव जिथं संपते आणि रानाची पायवाट सुरू होते तिथं एका ऐनाच्या झाडाखाली वाघदेव उभा असायचा. सागाची कमरेएवढी फळी, वर चंद्र-सूर्य, खाली नाग आणि मधे वाघ. रानाकडे तोंड करून चाललेला. दरसाल दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला पाड्यातले गुराखी आणि बापे तिथं जमायचे, शेंदूर लावायचे, नवे तांदूळ ठेवायचे, नारळ फोडायचे. बाया जायच्या नाहीत. भागीबाईनं एवढ्या वर्षांत तो देव ओढ्याच्या अलीकडूनच पाहिला होता, लाल ठिपक्याएवढा.

या पावसाळ्यात त्या फळीला वाळवी लागली. गणपतीनंतर बहिरू गुरं घेऊन तिकडून जात होता, तर देव एका अंगाला कललेला. सरळ करायला त्यानं हात लावला आणि वाघाचं तोंड त्याच्या तळहातावर पीठ होऊन उतरलं. कितीतरी वेळ तो तसाच उभा होता, मूठ मिटून. ते पीठ टाकायचं कुठं हेच त्याला समजेना. शेवटी त्यानं ते ऐनाच्या बुंध्याशी ठेवलं आणि घरी येऊन हात न धुता बसून राहिला.

वाघदेव करायचा मान बहिरूच्या घराचा. गेला देव त्याच्या आज्यानं घडवला होता. जुना समोर ठेवून त्याच्यावरून नवा करायचा, अशी रीत. आता जुन्याला तोंडच उरलं नव्हतं, मग नव्याला आणायचं कुठून? बहिरूचा हात काही कच्चा नव्हता. नांगर, जू, खाटा, दाराच्या चौकटी, पाड्यातलं सगळं लाकूड त्याच्या वाकसाखालून गेलेलं. पण त्यानं जळणाच्या ओंडक्यावर तोंडाचा एक नमुना करून पाहिला, तर भागीबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "कुत्रं बेस झालं."

धनराजनं सातपूरहून फोनवर वाघाचे फोटो धाडले. लख्ख, जबडा वासलेले. बहिरूनं ते उलटसुलट करून पाहिले आणि फोन खाली ठेवला. "देवाचं तोंड देवाकडनं घ्यायचं. मोबाईलकडनं नाय," असं म्हणाला. यात हट्ट किती आणि भीती किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

मग तो बापापाशी जाऊन बसला. झिपरू, त्याचा बाप, ओटीवर गोधडी गुंडाळून बसलेला असायचा. डोळे केव्हाच गेलेले. पण पाड्यात वाघ पाहिलेला माणूस म्हणून एवढाच एक उरला होता.

"बा, तोंड कसं होतं रं त्याचं?"

झिपरूनं दोन्ही हात वर केले, हवेत काहीतरी गोल धरलं. मग हात तसेच थांबले आणि हळूहळू मांडीवर आले.

"होतं... असं. मोठं." मग तो म्हणाला, "तू बघून ये. माझं मला आता दिसत नाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत वन समितीचा अध्यक्ष दत्तू आरोळ्या मारत आला, की आपल्याला अभ्यास दौरा मंजूर झालाय, वाघाच्या जंगलात नेणार आहेत. बहिरूनं तिथल्या तिथं नाव दिलं. त्याला वाटलं, देवानंच बोलावणं धाडलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण त्या रात्री त्याला पोरासारखी झोप आली नाही. लहानपणापासून ज्याच्यापुढं डोकं टेकवलं तो एकदा चालताना दिसावा, एवढंच त्याला हवं होतं. गुरांमागं हिंडून जन्म गेला. तरस पाहिलं, बिबट्या तर कितीदा. तो मात्र कधी दिसला नाही. बाप ज्याच्या गोष्टी सांगायचा तो आपण जन्मायच्या आधीच निघून गेला, ही रुखरुख बहिरूला आयुष्यभर होती. आपल्याला जेवायला यायला उशीर झाला आणि पंगत उठली, असं काहीतरी.

निघायच्या दिवशी भागीबाईनं भाकरी बांधून दिल्या. तिच्या बोटाला विळा लागला होता, त्यावर तिनं पदराची चिंधी गुंडाळली होती. झिपरूनं जवळ बोलावून बहिरूच्या हातात एक पुरचुंडी दिली. नव्या भाताचे मूठभर तांदूळ. भागीबाईकडून मागून घेऊन, निवडून ठेवलेले.

"दिसला का म्होरं ठेव. आन डोळं भरून बघ. माझ्या वाटचंबी बघ."

"बघतो," बहिरू म्हणाला.

मिनीबस नाशकात आली तेव्हा धनराज सातपूरच्या रस्त्यावर उभा होता. पहिली पाळी सुटलेली, अंगात कंपनीचा निळा शर्ट. त्यानं खिडकीतून स्वेटर दिलं. "तिकडं पहाटं गार असतं म्हनं." गाडी चालू होतीच. बाप-लेकांना एवढंच बोलता आलं, आणि पुढं कितीतरी वेळ बहिरू ते स्वेटर मांडीवर घेऊन बसला. त्याला नव्या कापडाचा आणि थोडा यंत्राच्या तेलाचा वास येत होता.

गाडीत दत्तू होता, बचत गटाच्या सुमनबाई होत्या, आणखी पाच-सात जण होते आणि वनखात्याच्या तृप्ती मॅडम. मॅडम वयानं पोरगीच, पण सगळ्यांना धाकात ठेवून होत्या. दत्तूला तोंडाला कुलूप कसं घालतात ते माहीतच नव्हतं. सगळ्या वाटेनं त्यानं वाघ दिसला तर आपण काय करू याच्या फुशारक्या मारल्या. सुमनबाई शेवटी म्हणाल्या, "दत्तूभाऊ, गेल्या साली बिबट्यानं शेळी नेली तवा तू माळ्यावर चढला व्हता. शिडीबी वर ओढून घेतलीस." त्यानंतर गाडी जरा शांत झाली.

पहाटे तिकडच्या जंगलाच्या फाटकाशी उघड्या जिपा उभ्या होत्या. धुकं होतं. खाकी कपड्यांतली एक पोरगी पुढं आली. ती इथली गाइड, नाव रोशनी. तिनं सगळ्यांचे मोबाईल काढून घेऊन खिडकीवर जमा केले. आत मोबाईल चालत नाही. मग ती बहिरूकडे वळली.

"दादा, ते डोक्याचं लाल कापड काढून ठेवा जी. भडक दिसते. अन् थे हातात काय हाय?"

"तांदूळ."

"खायचं काई आत नेता येत नाई."

"खायचं नाय. ठेवायचं हाय. देवाम्होरं."

ती पोरगी क्षणभर गडबडली. मग हळू आवाजात म्हणाली, "ठेवता बी येत नाई जी. नियम हाय."

बहिरूनं तृप्ती मॅडमकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या, मुद्दाम की काय कोण जाणे. त्यानं फेटा सोडला, पुरचुंडी त्यात गुंडाळली आणि मोबाईलांच्या ढिगाशेजारी ठेवून दिली. खिडकीवरच्या माणसानं ती दोन बोटांनी धरून आत सरकवली. उघड्या डोक्यानं आणि रिकाम्या हातानं बहिरू जीपमध्ये चढला. देवाच्या दारात इतकं ओशाळं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पण जंगल सुरू झालं आणि तो ते विसरला. साग, ऐन, मोह, टेंभुर्णी, सगळी ओळखीची झाडं. पण अशी दाट, अशी वयात आलेली, की बुंध्याला दोघांनी कवळ घालावी. आपल्याकडच्या डोंगरावर याच झाडांची नुसती खोडं उरलीयत. इथं एकही खोड तोडलेलं दिसेना. बांबूच्या बेटांत अजून अंधार होता. गवत माणसाच्या छातीएवढं वाढलेलं, दवानं वाकलेलं. बहिरू बघत राहिला. त्याचा बाप ज्या रानाबद्दल बोलायचा ते हेच, असं त्याला वाटलं. आपलंच रान कुणीतरी उचलून इथं आणून ठेवलंय आणि आपण ते पाहुण्यासारखं बघतोय.

"हितं कोनी मोळीला येत नाय का?" त्यानं विचारलं.

"आता नाई येत," रोशनी म्हणाली. "आमचंच गाव होतं आत. त्या तलावाच्या मागं. उठवलं. आता बाहेर घरं देल्ली." थोडं थांबून ती म्हणाली, "माह्या गावात जायला मले बी आता या गाडीतच बसून यावं लागते."

तिनं ते तक्रारीनं म्हटलं नव्हतं. फाटकाच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं होतं.

ऊन पानांवर आलं तरी काही दिसलं नाही. हरणं दिसली, मोर दिसले, एक रानडुक्कर. दत्तू पेंगायला लागला. आणि मग कुठूनतरी चितळ ओरडलं. तीक्ष्ण, शीळ घातल्यागत. पाठोपाठ झाडावरून वानर खाकरलं. रोशनीनं हात वर केला. गाडी थांबली, इंजिन बंद झालं. सुमनबाईंनी पदर तोंडाशी धरला.

बहिरूला पहिला वास आला. ओल्या कातड्यासारखा, उग्र, गोठ्यात कधीच न आलेला. मग समोरच्या बांबूत पिवळं काहीतरी सरकलं. बांबू हलला नाही, त्याच्या आडचं पिवळं मात्र हललं. आणि एक पाऊल रस्त्यावर आलं. थोरलं, जड, पण असं अलगद ठेवलेलं की धूळही उठली नाही. त्या पावलावरचा खांदा कातड्याखाली वर झाला, खाली झाला. आता पुढं मान. आता तोंड.

आणि बहिरूचे हात जोडले गेले. डोकं खाली गेलं. गाडीच्या पुढच्या लोखंडी दांडीवर कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि ओठ आपोआप पुटपुटू लागले. अगदी पाच वर्षांच्या वयापासून, दरसाल शिवेवर मातीला कपाळ लावून म्हटलेलं, गुरांमागं हिंडताना झुडपात काही खसफसलं तरी म्हटलेलं ते गाऱ्हाणं.

"जा बाबा, आल्या वाटेनं जा. गुरांच्या वाटंला येऊ नको. मागं वळून बघू नको."

हे तिन्ही बोल म्हणून झाल्याशिवाय मान वर करायची नाही, ही रीत. बहिरूनं तिन्ही म्हटले. मग त्यानं डोकं वर केलं.

रस्त्याच्या पलीकडं, गवतात शिरता शिरता, त्याला मागचा भाग दिसला. भरलेले पुठ्ठे, त्यावरचे काळे पट्टे, वर उचललेली शेपटी. सावकाश, घरी निघाल्यासारखा तो चालला होता. एकदाही त्यानं वळून पाहिलं नाही. गवत त्याच्यामागं मिटलं.

"बघितलं का?" दत्तूनं त्याचा दंड गच्च धरला होता. "बहिरूदादा, डोळं बघितलं का? सरळ माझ्याकडं बघितलं रं त्यानं."

सुमनबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आज लवकर गेला जी," रोशनी म्हणाली. "नाईतर गाडीम्होरं चालत राह्यते कितीक येळ. आज आला अन् सरळ निंगून गेला."

बहिरूनं विचारलं, "परत येल का?"

"आता नाई येत."

गाडी पुढं सरकली तेव्हा धुळीत पावलं उमटलेली दिसली. बहिरूला खाली उतरून त्यावर हात ठेवावासा वाटला. उतरायचं नव्हतं. तो दांडीवरून वाकून, मान वळवून, ती पावलं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. समोर येऊन उभा राहिला होता, जन्मात एकदा. आणि मी त्याला जा म्हणालो. तो माझं ऐकून गेला.

फाटकाशी पुरचुंडी परत मिळाली. गाठ तशीच होती.

पाड्यावर परतला तेव्हा दोन दिवस पाऊस पडून गेलेला होता. कापलेल्या पेंढ्या खाचरात भिजल्या होत्या आणि खालच्या काहींना मोड आले होते. भागीबाई एकटीच त्या बांधावर पसरत होती. बोटाची चिंधी काळी पडली होती. बहिरूनं पाणीसुद्धा मागितलं नाही. पिशवी बांधावर टाकली आणि तिच्याबरोबर पेंढ्या उचलायला लागला.

"दिसला का?" तिनं विचारलं.

"दिसला."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. तीस-बत्तीस वर्षांत कुठला प्रश्न विचारायचा नसतो हे तिलाही कळलं होतं.

पाड्यात मात्र तोवर दत्तूचा वाघ पोचला होता. पहिल्या दिवशी तो गोऱ्ह्याएवढा होता. दुसऱ्या दिवशी तो बैलाएवढा झाला आणि त्यानं जीपच्या बोनेटवर पंजा ठेवला. लोक बहिरूलाही विचारायला यायचे. "मंग, तोंड कसं रं त्याचं?" बहिरू म्हणायचा, "मोठं." असं म्हणताना त्याला बापाचे हवेत थांबलेले हात आठवायचे आणि तो कामाला लागायचा.

परतला त्याच संध्याकाळी ओटीवर तो बापाशेजारी बसला होता. झिपरूनं विचारलं नव्हतं. नुसता वाट बघत होता, तोंड लेकाच्या दिशेला करून. बहिरूनं पुरचुंडी त्याच्या हातात दिली. झिपरूनं गाठ चाचपली. ती सुटलेली नाही हे त्याच्या बोटांना कळलं.

"ठेवू देलं नाय," बहिरू म्हणाला. "आन मी बघितलाबी नाय, बा. पाय बघितला. मंग डोकं खाली गेलं. मी गाऱ्हानं म्हनलं. वर बघितलं तवा तो चालला व्हता."

"तीनी बोल म्हनला?"

"तीनी."

ओटीखाली शेरडं रवंथ करत होती. मग झिपरू हळूहळू बोलायला लागला, मधे मधे थांबत.

"आमी ल्हान व्हतो तवा पावसाळ्यात पल्याडच्या डोंगरावरनं आवाज यायचा त्याचा. आय आमाला गोधडीत घ्यायची. म्हनायची, म्हना, जा बाबा जा. आमी म्हनायचो. सारा पाडा म्हनायचा. दरसाल." त्यानं पुरचुंडी मांडीवर ठेवली. "मंग एका साली आवाज आलाच नाय. लोकांला बेस वाटलं. मलाबी वाटलं. गुरं सुटली, म्हनलं. आन फुडच्या पावसाळ्यात... मी कान लावून बसायचो."

"मंग?"

"मंग काय. आजूनबी बसतो."

बाप रोज ओटीवर कशासाठी बसतो हे बहिरूला आजवर माहीत नव्हतं. म्हातारा वाऱ्याला बसतो असं सगळे समजत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं काम मांडलं. दिवसा भात, झोडणी, आणि उन्हं कलली की फळी. गोठ्यातला एक सागाचा जुना खांब त्यानं काढला. गुरं कमी झाल्यापासून गोठ्याचा तो कोपरा रिकामाच होता. खांब उभा चिरला, वाकसानं तासला, रंध्यानं साफ केला. आत लाकूड अजून लालसर होतं, तेलकट. चंद्र-सूर्य झाले, नाग झाला. मग त्यानं पटाशी घेतली आणि जे पाहिलं होतं ते काढायला लागला. आधी ते पाऊल. मग वर झालेला खांदा. मग पुठ्ठे आणि शेपटी. या वेळेला हात अडखळला नाही. लाकडात तो सावकाश चालायला लागला, आणि ओटीवरून जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. दत्तूसुद्धा बोलायचा थांबला.

पण खांद्याच्या पुढं चौकोनी ठोकळा तसाच राहिला. वाघबारस तोंडावर आली तरी बहिरू त्याला हात लावेना. पटाशी टेकवायचा आणि उचलायचा. दोनदा तर त्यानं वाकस आपटून ठेवला.

भागीबाई चहा घेऊन आली. कप खाली ठेवला आणि गेली नाही. देवाच्या जागी बाईनं जायचं नाही, पण हा अजून देव झाला नव्हता, घरातलं लाकूडच होता. ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि नीट बघू लागली. त्या पावलावर तिची नजर बराच वेळ होती.

"मान राह्यली," ती म्हणाली.

"मला ठावच नाय कशी व्हती."

"तुला कशी बघायची व्हती?"

बहिरूनं तिच्याकडे पाहिलं. ती काही मोठं बोलल्यासारखी दिसत नव्हती. कप तिथंच ठेवून ती शेरडांकडे निघूनही गेली.

त्यानं पटाशी घेतली. मान पुढं काढलीच नाही. अंग रानाकडे चाललेलं आणि मान मागं वळलेली, अशी ती आली. तोंड फार बारकाईनं केलं नाही. दोन कान, दोन डोळे. डोळे मात्र खोल घेतले. उजेड गेला तेव्हा तो थांबला आणि फळी उचलून बापाच्या मांडीवर आडवी ठेवली.

झिपरूची बोटं शेपटीपासून निघाली. पुठ्ठे, पाठ, खांदा. खांद्यापाशी ती नेहमीच्या वाटेनं पुढं गेली आणि तिथं काहीच नव्हतं. बोटं थांबली. मग परत फिरून वळलेल्या मानेवर आली, डोळ्यांच्या खोलगटीत उतरली.

"मागं बघतोय," म्हातारा म्हणाला.

"हां."

झिपरूनं तळहात त्या तोंडावर ठेवला आणि पुष्कळ वेळ काढला नाही.

वाघबारशीला धनराजनं आज्याला मोटारसायकलवर मधे बसवून शिवेपर्यंत नेलं. ऐनाखाली नवी फळी उभी राहिली. शेंदूर चढला. बाया ओढ्याच्या अलीकडं थांबल्या होत्या, त्यांत भागीबाई पुढं. शेंदूर लावता लावता दत्तूचा हात थांबला.

"बहिरूदादा, अरे, हा तर पाड्याकडं बघतोय."

कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, असा कधी नव्हता. दुसरा म्हणाला, आधीच बिबट्यानं वैताग आणलाय, आता याला कशाला इकडं बघायला लावायचं. "उद्या माझा गोऱ्हा गेला तर तुझ्याच दारात येऊन बसंन," असंही एकानं ऐकवलं. त्यांचं काही चूक नव्हतं. गुरं त्यांची होती. बहिरूचीही होती. झिपरू म्हणाला, "घर आमचं, हात आमचा. जसा आला तसा आला. बसा." म्हाताऱ्यापुढं कोण बोलणार? लोक बसले.

बहिरूनं पुरचुंडी सोडली. चंद्रपूरपर्यंत जाऊन आलेले तांदूळ त्यानं देवापुढं ओतले, अगदी त्या पावलाजवळ. मग सगळ्यांनी मातीला कपाळ टेकलं, डोळे मिटले. ज्यानं देव घडवला त्यानं या वर्षी गाऱ्हाणं म्हणायचं.

"जा बाबा, आल्या वाटेनं जा," बहिरू म्हणाला.

"जा बाबा," सगळे मातीत तोंड घालून म्हणाले.

"गुरांच्या वाटंला येऊ नको."

"येऊ नको."

मग तो थांबला. सगळे तिसऱ्या बोलाची वाट बघत होते. तो झाल्याशिवाय मान वर करता येत नव्हती. वारा पडला होता. कुणाच्या तरी बैलाची घंटा वाजली. दत्तू मातीतूनच कुजबुजला, "दादा, तिसरं म्हन की."

बहिरूनं तिसरं म्हटलं नाही. सगळा पाडा वाकलेला असताना त्यानं एकट्यानं डोकं उचललं आणि डोळे उघडून पलीकडच्या डोंगराकडे पाहिलं. डोंगर उघडाबोडका होता, उन्हात पिवळा पडलेला. पायवाट तोडलेल्या खोडांमधून वर जाऊन दिसेनाशी होत होती. तिच्यावर कुणी नव्हतं. तो तरी बघत राहिला.

शेजारी झिपरूनंही मान वर केली होती. त्याचे न दिसणारे डोळे त्याच दिशेला होते आणि डोकं एका बाजूला जरासं कललं होतं.

"झालं," थोड्या वेळानं म्हातारा म्हणाला. "उठा आता. नारळ फोडा."

लोक उठले, गुडघ्यांची माती झटकली. बाप-लेक तसेच बसून राहिले.